तेवीस अंशांचा कॅमेरा आणि आमच्याकडचा पंचेचाळीस अंशांचा मांडव

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. शनिवार आहे, चहा झालाय, घरातले सगळे कूलरसमोर लोळतायत, आणि माझ्या समोर टेबलावर एक छोटासा, काळाभोर, देखणा मिररलेस कॅमेरा पडलाय. माझा नाही, मामेभावाचा. पण त्याने तो माझ्या सांगण्यावरून घेतला, तेव्हा पाप माझंच.

आधी ठिकाण सांगतो, कारण सगळं भांडण ठिकाणाचंच आहे. आमचं घर सिंदी मेघेला. पुण्यात कुणालाही हे सांगितलं की जो एखादा विदर्भातला निघतो तो हमखास विचारतो, "सिंदी रेल्वे का?" नाही हो. सिंदी रेल्वे वेगळी, ती सेलू तालुक्यात. आमची सिंदी मेघे वर्ध्याला इतकी चिकटून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते फक्त ग्रामपंचायतीच्या पाटीवरून कळतं. मी हिंजवडीत कोड लिहितो, सणावाराला आणि वर्क फ्रॉम होम मिळालं की महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून इथे येतो. आणि इथे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असणं हे रोजचं. ४५ च्या वर गेला तरी लोक फक्त दुपट्टा जरा घट्ट बांधतात आणि कामाला लागतात. नवतपा सुरू झाला की मग थोडीफार चर्चा होते.

आता प्रकरण. माझा मामेभाऊ चार वर्षं एका स्टुडिओत हाताखाली राबला. लग्नाचे फोटो काढ, अल्बम लाव, व्हिडिओ कापून जोड. मागच्या वर्षी म्हणाला, आता स्वतःचं सुरू करतो. कॅमेरा कोणता घेऊ, सांग. झालं! इंजिनियर माणसाला कुणी "कोणता घेऊ" विचारलं की त्याला जो आनंद होतो तो बढतीचं पत्र मिळाल्यावरही होत नाही. मी दोन वीकेंड घालवले. एक्सेलमध्ये तक्ता केला. सेन्सर किती, वजन किती, फोकस डोळ्यावर लागतो का, फोर-के आहे का, स्क्रीन फिरते का. पंधरा-वीस रिव्ह्यू बघितले. सगळे रिव्ह्यू करणारे एकतर थंड हवेतल्या गल्ल्यांत कॉफीचे फोटो काढत होते, नाहीतर एसी खोलीत बसून बोलत होते. मला त्यात काही खटकलं नाही. मी पण एसीतच बसलो होतो ना! शेवटी एक मॉडेल काढलं आणि ठोकून दिलं, "डोळे मिटून घे."

त्याने घेतला. हप्त्यांवर. पुढच्या मे महिन्यात, देवळी तालुक्यातलं एक लग्न. पत्र्याचा मांडव, त्याखाली कापडी छत, दुपारी बाराच्या आसपासचा मुहूर्त. त्याने नवरीच्या आगमनापासून फोर-के लावून ठेवलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तिसऱ्या की चौथ्या अष्टकाला स्क्रीनवर तापमापकाचं एक छोटं चिन्ह आलं. पुढचं अष्टक संपायच्या आत कॅमेरा बंद. स्वतःहून. पोराने बॅटरी काढून घातली, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. हार घालतानाचं सगळं त्याने शेवटी मोबाइलवर घेतलं आणि तिथूनच मला फोन.

"दादा, हा तं बंदच पडून गेला न! आता काय करू, सांग लवकर."

मी पुण्यातून काय सांगणार? म्हटलं, सावलीत ठेव. संध्याकाळपर्यंत कॅमेरा सुरू झाला, पण आता बॅटरी संपली. एकच होती. चार्ज करायची तर कॅमेऱ्यातच केबल लावून, अडीच तास. म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा मांडवाच्या खांबाला, एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी, गाईसारखा बांधलेला. विदाई गेली. गिऱ्हाइकाने ठरलेल्या पंचवीस हजारांतले आठ हजार कापले. त्यांचं तरी काय चुकलं? मुलीचं लग्न एकदाच होतं.

रात्री मामाचा फोन आला. मामा शेतकरी माणूस, कॅमेऱ्यातलं काही कळत नाही म्हणतो. एकच वाक्य बोलला. "अरे भाचा, तू तं इंजिनियर आहेस न? उन्हात न चालनारी वस्तू विदर्भात कोन घेते गा?"

मंडळी, माझ्या एक्सेलच्या तक्त्यात बावीस रकाने होते. तापमानाचा एकही नव्हता.

मग मी चिडलो. आधी कंपनीवर. नाव सांगत नाही, कारण पुढे दिसेल की हा एका कंपनीचा दोष नाहीच. मामेभाऊ नागपूरला सर्व्हिस सेंटरला गेला. त्यांनी कॅमेरा तपासला, "काही बिघाड नाही" म्हणून परत दिला. मी मॅन्युअल उघडलं. अगदी मागच्या पानांवर, जिथे माणूस कधी जात नाही, तिथे लिहिलेलं होतं: वापरासाठी तापमान ० ते ४० अंश सेल्सियस. म्हणजे कंपनी खोटं बोलली नव्हती. मग मी बाकीच्यांची मॅन्युअलं बघितली. सोनी, निकॉन, कॅनन यांच्या या आकाराच्या कॅमेऱ्यांचं सगळ्यांचं तेच: शून्य ते चाळीस. चार्जिंगचं तर आणखी नाजूक प्रकरण. सोनी म्हणते बॅटरी १० ते ३० अंशांत चार्ज करा, निकॉन म्हणते ५ ते ३५ अंशांत. आमच्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजता खोलीत ३५ असतात! कंपनीच्या हिशोबाने वर्धा जिल्ह्यात एप्रिल ते जून बॅटरी चार्ज करायची असेल तर ती घेऊन चिखलदऱ्याला जावं लागेल.

आणि लक्षात घ्या, हवामान खातं जे ४५ सांगतं ते सावलीतलं, हवेशीर पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचं. उन्हात हातात धरलेल्या काळ्या डब्याचं नाही. कॅननच्या मोठ्या टेली लेन्स पांढऱ्या रंगाच्या असतात त्या काही हौस म्हणून नाही, ऊन कमी शोषावं म्हणून. लाखांची लेन्स घेणाऱ्याला पांढरा रंग, आणि हप्त्यावर कॅमेरा घेणाऱ्याला काळा!

बरं, असं का होतं ते बघू. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. जुन्या डीएसएलआरमध्ये तुम्ही डोळा लावून बघता तेव्हा आरशातून आणि प्रिझममधून साधा उजेड येतो. त्याला वीज लागत नाही. बटण दाबलं की तेवढ्यापुरता सेन्सर जागा होतो. मिररलेसमध्ये तुम्ही नुसतं बघत असलात तरी सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन तिघेही जागे. फोर-के लावलं की सेन्सर सेकंदाला पंचवीस-तीस वेळा वाचायचा, प्रोसेसरने ते दाबून बसवायचं, कार्डावर लिहायचं. हे सगळं तळहाताएवढ्या डब्यात. पंखा नाही, उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग थोडा. लॅपटॉप मांडीवर घेऊन बिल्ड चालवलंय कधी? तेच. बाहेरची हवा २३ अंश असेल तर ती उष्णता निघून जाते. बाहेर ४५ असतील तर जाणार कुठे? कॅमेरा स्वतःला वाचवायला झोपतो. तांत्रिकदृष्ट्या तो शहाणपणाच करतो.

आता हा २३ आकडा मी उगाच घेतलेला नाही. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत "एका चार्जमध्ये इतके फोटो" असं जे छापलेलं असतं ते 'सीपा' नावाच्या जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या चाचणीवरून. ही चाचणी २३ अंशांना करतात, दोन अंश इकडे तिकडे. दर ३० सेकंदांना एक फोटो, कॅमेऱ्याला फ्लॅश असेल तर एक सोडून एक फोटोला फ्लॅश, दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. चाचणी वाईट नाही. सगळ्यांना एकच फूटपट्टी मिळते. पण ती फूटपट्टी कॅमेऱ्याची कॅमेऱ्याशी तुलना करण्यासाठी आहे, तुमच्या लग्नाच्या दिवसासाठी नाही. पाहुण्यांचे धडाधड फोटो काढलेत तर छापल्यापेक्षा जास्त निघतील, आणि कॅमेरा चालू ठेवून नवरदेवाची वाट बघत बसलात तर बरेच कमी.

आणि त्या फूटपट्टीनेही बघा. निकॉनचा डी३५०० नावाचा एक साधा डीएसएलआर होता, २०१८ सालचा, आता बंद झाला. त्याची बॅटरी ८.९ वॅट-तासांची, आणि सीपाचा आकडा १५५० फोटो. त्याच निकॉनचा झेड३०, २०२२ सालचा छोटा मिररलेस. बॅटरी ८.५ वॅट-तास, म्हणजे जवळपास तेवढीच. आकडा? ३३०. जवळजवळ तितकीच वीज, आणि फोटो पावणेपाच पटींनी कमी. मी मिररलेसच्या विरोधात नाही. डोळ्यावर चिकटून बसणारा फोकस, फोटो काढायच्या आधीच उजेड कसा येणार ते स्क्रीनवर दिसणं, हे खरंच भारी आहे. आरशाचे दिवस गेले, मान्य. पण आरसा काढल्यावर विजेची भूक वाढते हे माहीत असताना बॅटरी होती तेवढीच ठेवायची आणि वर "बघा किती हलका" म्हणून मिरवायचं, हा शुद्ध फंडा आहे. वजन कमी झालेलं नाही. ते कॅमेऱ्यातून काढून माझ्या मामेभावाच्या खिशात घातलंय. आणि त्याचे पैसेही त्याच्याच खिशातून.

"अहो, पण लहान कॅमेऱ्यात मोठी बॅटरी मावणार कशी?" हा नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर कंपन्यांनीच देऊन ठेवलंय. सोनीची एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी २०१० मध्ये नेक्स कॅमेऱ्यांबरोबर आली. ७.२ व्होल्ट, १०२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे ७.३ वॅट-तास. २०१७ मध्ये सोनीनेच १६.४ वॅट-तासांची एनपी-एफझेड१०० काढली. तरी २०२१ साली आलेल्या झेडव्ही-ई१० मध्ये तीच २०१० सालची छोटी. वजन ३४३ ग्रॅम, सीपाप्रमाणे ४४० फोटो, आणि व्हिडिओ करायचा तर थांबत-सुरू करत वापरात सुमारे ८० मिनिटं. मग २०२४ मध्ये त्याचीच दुसरी आवृत्ती आली, तिच्यात मोठी बॅटरी. ६१० फोटो. आणि वजन किती वाढलं? ३७७ वर गेलं. चौतीस ग्रॅम! मंडळी, सव्वादोन पट वीज आणि किंमत फक्त चौतीस ग्रॅम. दोन पेढ्यांएवढं वजन. म्हणजे मावत होती. आधी द्यायची नव्हती, एवढंच.

एक गोष्ट मात्र त्या जुन्या बॅटरीच्या बाजूने सांगायला हवी. एकच बॅटरी अकरा वर्षं चालवली म्हणजे जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी नव्याला चालली, दुकानात मिळत राहिली. उलट जिथे आख्खी मालिकाच गुंडाळली जाते तिथे काय होतं? निकॉनने '१' नावाची मिररलेस मालिका २०११ मध्ये आणली आणि २०१८ मध्ये बंद केली. कॅननने २०१२ मधली ईओएस एम मालिका २०२३ मध्ये. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स आणलं आणि काही वर्षांत दुकान आवरलं. कॅमेरा बिघडत नाही हो, कॅमेरे वीस वर्षं चालतात. बॅटरी मरते. आणि तिच्या जागेला बसणारी दुसरी मिळाली नाही की साठ-सत्तर हजारांचा डबा पेपरवेट.

मग लोक म्हणतात, "लोकल बॅटरी घे ना, हजारात दोन मिळतात." मिळतात. पण त्यांच्यावर काय छापलंय ते नीट वाचा. मूळ बॅटरी १०२० ची, तेवढ्याच आकाराची लोकल म्हणते मी २००० ची! आत त्याच मापाच्या दोनच सेल बसतात, आणि लिथियम-आयन सेलमध्ये रातोरात दुप्पट वीज भरायची विद्या कुणा गल्लीतल्या कारखान्याला सापडलेली नाही. बरं, लोकल बॅटऱ्या सगळ्याच वाईट असंही नाही, काही चांगल्या आहेत. पण कंपन्यांना ती स्पर्धाही नको असते. २००९ मध्ये पॅनासोनिकने आपल्या काही कॅमेऱ्यांना फर्मवेअर अपडेट देऊन दुसऱ्यांच्या बॅटऱ्या चालणंच बंद करून टाकलं होतं. कारण दिलं सुरक्षिततेचं. खोटं नाही, फालतू सेल पेटतात. पण मग मूळ बॅटरी परवडेल अशा किमतीत द्या ना! स्वस्त दार बंद करायचं, आणि महागड्या दारावर स्वतः तिकीट फाडत बसायचं, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

आता चार्जर. हल्ली खोक्यात चार्जर नसतो. कारण विचारलं की "पर्यावरण" आणि "युरोपचा कायदा". युरोपचा कायदा काय म्हणतो ते सांगतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅबलेट, डिजिटल कॅमेरे वगैरेंना यूएसबी-सी सक्तीचं झालं, आणि गिऱ्हाइकाला चार्जरशिवाय वस्तू घ्यायची मुभा हवी असंही ठरलं. उत्तम कायदा. भिंतीतल्या ठोकळ्यांनी माझाही ड्रॉवर भरलाय, आणखी एक नको. पण त्या कायद्यातला चार्जर म्हणजे भिंतीतला ठोकळा! कॅमेरावाल्याला लागतो तो दुसरा, ज्याच्या खोबणीत सुटी बॅटरी बसते. तो नसेल तर दुसरी बॅटरी असून काय उपयोग? एक कॅमेऱ्यात आहे, तिच्यावर काम चालू आहे, आणि दुसरी भरायची कशात? त्याच कॅमेऱ्यात! मुभा गिऱ्हाइकाला द्यायची होती, तिचा फायदा विक्रेत्याने घेतला. खोकं लहान झालं, किंमत तेवढीच राहिली.

मामेभावाचं बिल मांडतो म्हणजे कळेल. किट लेन्ससकट कॅमेरा ६५ हजार. नंतर शहाणपण आल्यावर: दोन जादा मूळ बॅटऱ्या ९ हजार, खोबणीचा चार्जर साडेतीन हजार, दोन कार्डं ३ हजार, बॅग आणि सटरफटर २ हजार. साडेसतरा हजार. कॅमेऱ्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, आणि यातली एकही वस्तू चैनीची नाही. त्यांच्याशिवाय लग्नाचं काम होतच नाही. जाहिरातीत आकडा ६५ चा. हप्ता बसवला तोही ६५ वर. बाकीचे मामीने भिशीतून काढून दिले. मोटारसायकल विकताना "चाकं वेगळी" असं कुणी म्हटलं तर आपण शोरूम डोक्यावर घेऊ. इथे मात्र आपणच एकमेकांना समजावतो, "अरे, दोन स्पेअर बॅटऱ्या तर घ्याव्याच लागतात, सगळेच घेतात."

कार्डाचं तेवढं सांगून टाकतो, कारण तिथे उलटी फसवणूक होते. दुकानदार म्हणतो फोर-के करायचं तर सगळ्यात महाग कार्ड हवं. गणित करा. या वर्गातले बरेच कॅमेरे फोर-के लिहितात सेकंदाला १०० मेगाबिटने. आठाने भागा, साडेबारा मेगाबाइट. कार्डावर 'व्ही३०' लिहिलंय म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणार. अडीचपट सुटलं. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटं बसतात. उगाच दुप्पट पैसे देऊ नका, ते बॅटरीला द्या.

आता माझ्याच जातभाईंकडे वळतो. आपल्या धंद्यात एक वाक्य आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय." क्लायंटकडे प्रोग्रॅम कोसळला की टेस्टर ओरडतो, आणि डेव्हलपर खुर्चीतून न उठता हे वाक्य म्हणतो. आपण सगळ्यांनी म्हटलंय. २३ अंश हे कॅमेरा उद्योगाचं "माझं मशीन" आहे. आणि रिव्ह्यू करणारे आपण, टेस्टर असायला हवे होतो, ते डेव्हलपरच्या मांडीवर जाऊन बसलोय. हिस्टोग्राम काढतो, कोपऱ्यातली शार्पनेस चारशे टक्के झूम करून बघतो, डायनॅमिक रेंजच्या अर्ध्या स्टॉपवरून भांडतो, आणि देशाच्या अर्ध्या भागात दोन-तीन महिने जी हवा असते तिच्यात हा डबा चालतो का, हे बघत नाही. मी बघितलं नाही. माझ्या घराच्या गच्चीवर फुकट चाचणी होत होती!

गेल्या आठवड्यात केली. दुपारी चार, सिंदी मेघे, गच्ची. फोर-के, उन्हात ट्रायपॉडवर: वीस मिनिटांच्या आत चिन्ह, मग बंद. तोच कॅमेरा, पांढरा ओला दुपट्टा बांबूवर ताणून त्याच्या सावलीत, स्क्रीन अंगापासून बाहेर उघडून, आणि फोर-केऐवजी फुल एचडी: बॅटरी संपेपर्यंत चालला. मेनूत खोल कुठेतरी "आपोआप बंद होण्याचं तापमान" अशी सेटिंगही सापडली. 'साधारण' वर होती, 'जास्त' केली. हात भाजू शकतो असा इशारा येतो, पण ट्रायपॉडवर असेल तर चालतं. हे सगळं मला एप्रिलमध्ये एका दुपारी कळलं असतं तर पोराचे आठ हजार वाचले असते.

आणि गंमत बघा, हे सगळं कुठे चाललंय? वर्ध्यात. इथून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले, आणि त्यांच्या पुतण्याच्या मुलाला, कनू गांधींना, फोटो काढायची हौस होती. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलिफ्लेक्स घेतला. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. रोलिफ्लेक्सच्या एका रोलमध्ये बारा फोटो. बॅटरी नाहीच. त्याच सेवाग्रामच्या उन्हाळ्यात कनूभाईंनी दहा वर्षं काम केलं, आणि आज आपण जे रोजच्या जगण्यातले गांधी बघतो त्यातले कितीतरी त्या कॅमेऱ्यातून आलेत. मी म्हणत नाही की परत रोल भरा. बारा फोटोंत आजचं लग्न काढायला सांगितलं तर वरमाय जीव घेईल. पण अटी स्पष्ट होत्या. आधी सांगितल्या होत्या. काय मिळणार नाही हे कनूभाईंना पहिल्या दिवशी ठाऊक होतं. माझ्या मामेभावाला मंगलाष्टकांत कळलं.

वर्ध्यातच मगनवाडी आहे. तिथे जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, टिकाऊपणाच्या अर्थकारणाचा विचार मांडला. तिथलं मगन संग्रहालय १९३८ सालचं. लहानपणी शाळेची सहल गेली होती. चरखे, घाण्या, अवजारं बघून आम्ही फिदीफिदी हसलो होतो. आता वाटतं, त्या प्रत्येक वस्तूचा कुठलाही तुकडा मोडला तरी गावातला सुतार-लोहार तो करून देत होता. आणि आपण?

"मग सरकारने काय करायचं?" थोडंफार सुरू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग. २०२२ मध्येच बॅटरीच्या कचऱ्याचे नियम आले, जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. चांगलं आहे. पण मेलेली बॅटरी परत घ्यायचा नियम झाला, जिवंत बॅटरी किती वर्षं विकत मिळेल याचं वचन मात्र कुणी देत नाही.

मला फार काही नकोय. चार गोष्टी. एक, कॅमेऱ्याची जाहिरात करताना एक जादा बॅटरी आणि खोबणीच्या चार्जरसकट किंमत छापा, नुसत्या डब्याची बाजूला छापा. दोन, २३ अंशांचा आकडा द्यायचा तर शेजारी ४० अंशांचाही द्या. तुमचंच मॅन्युअल म्हणतं ना चाळीसपर्यंत चालतो? मग मोजून दाखवा, किती मिनिटं. तीन, ही तापमानाची ओळ मॅन्युअलच्या शेवटी नको, खोक्यावर हवी, एमआरपीच्या खाली. भारतात विकताय, आइसलँडमध्ये नाही. चार, हे मॉडेल बंद झाल्यावर बॅटरी किती वर्षं मिळेल ते लिहून द्या.

आणि आपण? दुकानात गेलात की कॅमेरा हातात घेऊन "मस्त ग्रिप आहे" म्हणण्याआधी विचारा: बॅटरी कोणती, आणखी कोणत्या मॉडेलला लागते, सुटी केवढ्याला, आज आहे का दुकानात? दुकानदाराचा चेहरा बघा. मग एसीतून बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर वीस मिनिटं फोर-के लावून ठेवू द्या म्हणा. देत नसेल तर उत्तर मिळालं.

कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, फोनवर काढ. फोनही तापतो हो, तोही बंद पडतो. आणि गिऱ्हाईक फोनवाल्याला पंचवीस हजार देत नाही.

असो. मामेभावाने कॅमेरा विकला नाही. विकून कोण घेणार, आणि हप्ते संपलेत कुठे? त्याने एक जुना डीएसएलआर सेकंडहँड घेतलाय फोटोंसाठी, मिररलेस फक्त व्हिडिओला, तोही तुकड्यातुकड्यांत. पांढरी छत्री घेऊन एक पोरगं शेजारी उभं असतं. दोन हप्ते मी भरले. तो नको म्हणत होता, मामा काही बोलला नाही.

काल संध्याकाळी तो घरी आला होता. त्याच्या ओळखीतला आणखी एक पोरगा कॅमेरा घेतोय म्हणे, हिंगणघाटचा. "तुलेच विचार म्हने तो. काय सांगू दादा?"

मी एक्सेलचा तक्ता पुन्हा उघडला. बावीस रकान्यांच्या आधी, सगळ्यात डावीकडे, एक नवा रकाना घातला: 'मे महिना, दुपार, गच्ची'. सध्या रिकामा आहे. भरायला दोन-तीन कॅमेरे उसने मिळतात का बघतोय. हिंगणघाटच्या पोराला म्हटलं, तोवर थांब.